नाल्यापलीकडची चार घरं

पुणे, २४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोहिनी,

फोनवर तू नुसतं हो-हो करत होतीस, म्हणजे तुला काही कळलं नव्हतं. आर्वीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळीसुद्धा तू असंच हो-हो करायचीस आणि मग माझ्या वहीत डोकवायचीस. म्हणून सगळं लिहून पाठवते. तूही तक्ते पोस्टाने पाठवशील तेव्हा त्यात पत्र घाल. आमच्या ऑफिसला सह्यांचे कागद लागतात, फोटो चालत नाहीत. आणि मला तुझं पत्र लागतं.

काम असं आहे. नागपूरच्या एका डेअरीने विरजणाची पुडी काढली आहे. अर्धा लिटर दुधात एक पुडी टाकली की भर उन्हाळ्यातही दही घट्ट लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरं निघालं तर आर्वीला पुड्या भरायचं केंद्र काढायचं, नाहीतर हा नाद सोडायचा. हे ठरवण्यासाठी प्रयोग मांडायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि ते साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. गाव कोणतं घ्यायचं म्हणाले तेव्हा मी रोहण्याचं नाव सांगितलं. माझं माहेर, तुझं सासर. मला खरं तर दहा-बारा गावं हवी होती, पण साहेबांना खर्च एकाच गावाचा करायचा होता.

तू पाठवलेल्या यादीत दुभतं जनावर असलेली चाळीस घरं आहेत. वीस घरांना पुड्या मिळतील, विसांना नाही. कोणाला मिळतील ते तू ठरवायचं नाही, मीही नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. आपण निवडायला बसलो की जिचा हात चांगला, जिची म्हैस चांगली, जिच्याशी आपलं जमतं, तिलाच पुडी जाते, आणि मग दही कशामुळे घट्ट झालं ते जन्मात कळत नाही. चिठ्ठीला नातेवाईक नसतात. आणि बिनपुडीच्या घरांना कमी लेखू नकोस. ती नसतील तर तुलना कशाशी करणार?

सोबत चमचा पाठवला आहे. दांड्यावर बारा रेघा आहेत. तो दह्यावर उभा धरून सोडायचा आणि कितव्या रेघेपर्यंत बुडतो ते लिहायचं. घट्ट दह्यात तीन-चार, पातळ दह्यात नऊ-दहा. दर रविवारी, नऊ आठवडे. पुडी कोणी कोणाला द्यायची नाही, याबद्दल सगळ्यांच्या सह्या घे.

केंद्र निघालं तर तिथे देखरेखीला बाई लागेल. तुझं नाव मी आधीच सांगून ठेवलं आहे. माझ्या आईचं घर यादीत आहे, ते राहू दे. तिला मुद्दाम काही देऊ नकोस, मुद्दाम काही टाळू नकोस.

तुझी,
दीपमाला

रोहणा, ८ मार्च

दीपे,

तुझा चमचा गावात गाजतो आहे. मी गल्लीत शिरले की बायका म्हणतात, आली डॉक्टरीण, दह्याची नाडी पाहायला.

चिठ्ठ्या अंगणवाडीत टाकल्या. तानाबाईंना वाचता येत नाही म्हणून त्यांनाच उचलायला लावल्या, कोणाला शंका नको. त्यांना स्वतःला पुडी निघाली. शेजारच्या प्रमिलाबाईंना निघाली नाही, तर त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच येऊन सांगून गेल्या की त्यांना तसंही कंपनीचं काही खायचं नाही.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. नाल्यापलीकडची तुमची चारही घरं बिनपुडीची निघाली. मी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. वाटलं परत टाकाव्यात, पण तू बजावलं होतंस की एकदा निघाली ती निघाली. तुझ्या आईच्या शेजारच्या प्रेमदासभाऊंना सांगायला गेले तर ते हसले आणि म्हणाले, "चिठ्ठीलेबी आमचं घर ठाऊक आहे वाटते." तुझ्या आईने चहा केला, म्हणाली घे बापा तुझं मोजमाप, आणि पहिल्याच रविवारी त्यांच्या दह्यात चमचा चार रेघांवर अडला.

सासूबाई कुरकुर करतात की सून लोकांच्या मडक्यात डोकावत फिरते. गोपाल म्हणतात जाऊ दे, नऊ आठवड्यांचा तर प्रश्न आहे. त्यांना नऊ आठवडे दिसतात. मला आर्वीचं केंद्र दिसतं. दीपे, बी.एस्सी. होऊन बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत कोणी मला एक आकडा विचारला नाही. भाकरी थापता थापता मी त्या केंद्राच्या भिंतींना रंग देत असते. हे काम मला हवं आहे. साखर लावून सांगत नाही, हवंच आहे.

मोहिनी

पुणे, २६ मार्च

प्रिय मोहिनी,

चार रविवारांचे तक्ते मिळाले. पुडीच्या वीस घरांचे आकडे सुरेख आहेत. तीन, पाच, चार, मध्येच एकदम आठ, परत चार. कोणाचं दूध नासलं असेल, कोणी झाकण उघडं ठेवलं असेल. खरे आकडे असेच हलतात.

बिनपुडीच्या घरांचे मात्र हलत नाहीत. गावातल्या सोळा घरांचे दुसऱ्या रविवारपासूनचे आकडे पाहा: नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ, दहा. सोळा बायकांचं दही तीन आठवडे इतकं शहाण्यासारखं वागत नाही. नाल्यापलीकडच्या चार घरांचे बघ, सात आहे, बारा आहे, अकरा आहे. तिथे मला माणसं दिसतात. या सोळांत दिसत नाहीत.

दुसरं असं की आईचा आकडा दर वेळी तीन ते पाच. पुडीच्या घरांपेक्षाही चांगला. तू मैत्रिणीची आई म्हणून तिला गुपचूप पुडी दिलीस का? दिली असशील तर रागावणार नाही, पण मला माहीत हवं. या आकड्यांवर लोक पैसे लावणार आहेत, आणि माझी सही खाली आहे.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. दोनदा लिहून फाडलं.

दीपमाला

रोहणा, २ एप्रिल

दीपमाला,

तुझ्या आईला मी पुडी दिलेली नाही. त्यांनाच फोन करून विचार. स्वतःच्या आईवर तरी भरवसा असेल.

सोळा घरांचं म्हणशील तर त्यांचं दही तसंच असेल. एकाच गावचं पाणी, एकाच चाऱ्यावरची जनावरं. तिकडे खुर्चीत बसून तुला सगळं हलतंय की नाही ते दिसतं, इथे उन्हात चाळीस दारं मी हिंडते. पाचव्या आठवड्याचा तक्ता सोबत आहे.

मोहिनी

रोहणा, ८ एप्रिल

दीपे,

तू उत्तर दिलं नाहीस. फोनही केला नाहीस. तू ओरडली असतीस तर मी आणखी चार खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या. तुझ्या गप्प राहण्याने सहा दिवस माझा जीव जागेवर नाही. चूल पेटवते आणि दूध फ्रीजमधून काढायचं विसरते.

तर ऐक. सोळा घरांचे आकडे मी मनाने लिहिले.

पुड्या वाटल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी प्रमिलाबाई वाटी घेऊन तानाबाईंकडे गेल्या. विरजण मागायला. आता विरजण कोणी नाही म्हणतं का? दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, एवढीच काय ती आमची अट. तानाबाईंनी चमचाभर दिलं. पुडी दिली नाही, सही केली होती ना. पुडी न देता पुडीचं दही दिलं. प्रमिलाबाईंकडून पुढच्या घरी, तिथून पलीकडच्या आळीत. दुसऱ्या रविवारी मी बिनपुडीच्या घरी चमचा सोडला तर तीन रेघांवर थांबला. दुसऱ्या घरी चार. तिसऱ्या घरी बाई कौतुकाने म्हणाली, पाहा मोहिनी, तुमच्या कंपनीचं दही आमच्याही घरी पोचलं.

मी अंगणवाडीच्या पायरीवर बसले. सगळ्या गावाचं दही सारखंच घट्ट, म्हणजे पुडीचा काही उपयोग नाही असं तुझा तक्ता म्हणणार. केंद्र गेलं. आणि खरं सांगावं तर मी विरजण थांबवलं नाही म्हणून मी गेले. मग जे आकडे यायला हवे होते ते लिहिले. त्यानंतर त्या घरांत मी चमचा घेऊन गेलेच नाही, म्हणून खरे आकडे माझ्याकडेही नाहीत.

पुडीची वीस घरं आणि नाल्यापलीकडची चार, एवढं खरं आहे. तुझ्या आईचा चारही खराच. त्या तसं दही कशा लावतात मला माहीत नाही.

मला काढून टाक म्हणण्याचं धाडस होत नाही. ठेव असं कोणत्या तोंडाने म्हणू.

मोहिनी

पुणे, १४ एप्रिल

प्रिय मोहिनी,

आज चौदा एप्रिल. खाली चौकात मिरवणूक जमते आहे, आवाजाने खिडकी थरथरते. दर वर्षी मी आज घरी असते. यंदा सुट्टी मिळाली नाही, आणि मिळूनही आले नसते कदाचित. तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे.

तू खोटे आकडे लिहिलेस ते चूकच. पण पहिली चूक तुझी नाही, माझी आहे. घर म्हणजे घर, एका घरात जे होतं त्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं धरून मी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. विरजण घरोघर फिरतं हे रोहण्यातली कोणतीही बाई सांगू शकली असती. मी त्याच गावात वाढले आणि माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही याचा विचार करत होते, आणि उत्तर सापडलं तेव्हापासून मला चैन नाही.

आमच्या घरी विरजण कधी बाहेरून आलंच नाही. आई सुक्या लाल मिरचीची देठं कोमट दुधात टाकून दही लावते. वर्षातून एकदा देठं, पुढे त्याचंच विरजण चालू, तुटलं की पुन्हा देठं. तिच्या चार रेघांचं गुपित एवढंच. मी नऊ वर्षांची होते तेव्हा वाटी घेऊन नाला ओलांडून एका घरी विरजण मागायला गेले होते. आज लावलंच नाही म्हणाल्या. मडकं मागे शिंक्यात लटकत होतं, मला दिसत होतं. मी रिकामी वाटी घेऊन आले. आई मिरच्यांची देठं खुडायला बसली. त्यानंतर विरजण म्हणजे मागायची वस्तू आहे हेच मी विसरले. आणि पंचवीस वर्षांनी तोच विसर प्रयोगात घातला.

आता साहेबांचं ऐक. मी सगळं त्यांना सांगितलं, तुझं नाव न घेता, मोजणी चुकली एवढंच. जुने तक्ते रद्द. एक आकडा खोटा निघाला की त्या कागदावरचा खराही धरता येत नाही. आता २७ एप्रिलची शेवटची एकच मोजणी धरायची, आणि त्यात एक नवा रकाना: विरजण कुठून आणलं. मी सहज बोलून गेले की छत्तीस घरांत विरजण पोचलं, नाल्यापलीकडच्या चार घरांत पोचलं नाही. साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, झकास, म्हणजे तुलना करायला चार घरं स्वच्छ शिल्लक आहेत, तुमचा नाला कामाला आला. छत्तीस विरुद्ध चार मांडा. मी म्हटलं, चारांतल्या तिघांकडे गावठी गाई आहेत, त्यांचं दही पातळच लागणार. म्हणाले तेवढ्या खोलात नको. आणि ते एक घर, चार रेघांचं, ते अपवाद म्हणून वगळा.

ते एक घर.

हे असं मांडलं तर पुडी जिंकते. केंद्र निघतं, तुझं काम पक्कं होतं. साहेब तसं बोलूनही बसलेत. मला फक्त अहवालात लिहायचं आहे की ही चार घरं बाकीच्यांपासून अलग होती. का अलग होती, ते कोणी विचारणार नाही.

तू काही करू नकोस. २७ तारखेला नीट मोज आणि खरं लिही. बाकी माझ्यावर सोड. मी काय करणार आहे ते मला अजून माहीत नाही.

दीपमाला

रोहणा, २३ एप्रिल

दीपे,

तू काही करू नकोस म्हणालीस. माझ्याच्याने बसवलं नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते गोठ्यात उभी राहून वाचलं, मग सासूबाईंना विचारलं की दीपमाला लहानपणी कधी विरजण मागायला आली होती का आपल्याकडे. तू घर सांगितलं नाहीस, पण नाला ओलांडला की पहिलं घर आमचं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तसंच होतं." मी म्हटलं, आता कसं आहे? त्यावर सूप घेऊन आत गेल्या.

मी वाटीभर दही घेतलं आणि नाला ओलांडला. मला ठाऊक होतं मी काय करते आहे. तुझी तुलनेची चार घरं बिघडतील, केंद्र जाईल. पायऱ्या उतरताना दोनदा थांबले, ते लाजेने की केंद्राच्या काळजीने, ते मला सांगता येणार नाही.

तुझी आई अंगणात मिरच्या पसरत होती. मी वाटी पुढे केली, म्हटलं मावशी, विरजण आणलं आहे. त्यांनी वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मले नाई पाहिजे बाई. मागाची सवय नाई राह्यली आता, अन् घ्यायचीबी नाई."

मला रडू आलं. मी वाटी मागे घेतली आणि निघाले. तशी त्यांनी हाक मारली, बस म्हणाल्या. आतून मडकं आणलं. माझ्या वाटीतलं दही मांजरीच्या थाळीत ओतलं, वाटी विसळली आणि स्वतःचं दही भरलं.

"माही पोरगी तुह्या सासूच्या दारातून रिकामी वाटी घेऊन आलती. मी कोनाची वाटी रिकामी नाई धाडत. तुले पाहिजे असंन तर ने. नाईतर नाल्यात टाकजो, मी पाहाले नाई येत."

दीपे, मी नाल्यावरच्या फरशीवर किती वेळ उभी होते देव जाणे. त्यांनी माझं विरजण घेतलं नव्हतं. म्हणजे तुझी चार घरं अजून जशीच्या तशी होती. हातातली वाटी खाली ओतली की झालं. कोणी पाहत नव्हतं. आर्वीचं केंद्र, माझी खुर्ची, माझी सही, सगळं त्या ओतण्यावर होतं. वाटी तिरपी केली देखील. थोडं बोटावर आलं. ते चाटलं.

मग घरी आले आणि संध्याकाळच्या दुधाला तेच विरजण लावलं.

सकाळी दही असं लागलं की सासूबाईंनी मडकं उपडं करून दाखवलं, थेंब हलला नाही. आणि त्या स्वभावाने उदार, चार घरी विरजण देऊन आल्या. कोणाचं ते मी दुपारी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पदराने हात पुसले, पुसतच राहिल्या. दोन दिवस ताटात दही घेतलं नाही. आज घेतलं, पण भिंतीकडे तोंड करून खाल्लं.

तोवर चार घरांतून पुढे आणखी गेलं आहे. आता रोहण्यात कोणतं दही कंपनीचं आणि कोणतं तुझ्या आईचं, ते तुझ्या साहेबांच्या बापालाही सापडायचं नाही. तू माझ्यासाठी नाव सांगितलं होतंस आणि मी हे केलं. राग आला तर ये. भांडायलाच ये.

मोहिनी

पुणे, ५ मे

प्रिय मोहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. आधी हसले. मग तिथेच बसून रडले, आणि साफसफाईच्या मावशींनी पाणी आणून दिलं.

अहवाल दिला. त्यात लिहिलं की या गावातून पुडीबद्दल काही ठरवता येत नाही. घरं एकमेकांपासून सुटी धरली, ती सुटी नव्हती. चार घरं सुटी होती, ती का होती हेही लिहिलं, सरळ शब्दांत. मांडणी माझी, चूक माझी. साहेबांनी तो परिच्छेद काढायला सांगितला. मी काढला नाही. मग त्यांनी मला या कामावरून काढलं. नोकरी आहे, टेबल बदललं.

डेअरीने केंद्र रद्द केलं आहे. आडवळणाने सांगत नाही. तुझं काम गेलं, आणि त्यात माझा हात तुझ्याइतकाच आहे. बारा वर्षांनी कोणी तुला आकडा विचारला होता, आणि विचारणारीनेच प्रश्न चुकीचा मांडला.

२७ तारखेची मोजणी केली असशील तर तो तक्ता पाठव. ऑफिसला नको आहे. मला हवा आहे.

आईला फोन केला होता. तिने फक्त विचारलं की मोहिनीची वाटी स्टीलची होती की पितळेची, आठवत नाही. मी म्हटलं मला काय माहीत. म्हणाली, काही नाही, पुन्हा आली तर ओळखू यावी.

दीपमाला

रोहणा, १७ मे

दीपे,

वाटी स्टीलची आहे. काठाला पोचा आला आहे. त्यांना सांग, नाहीतर राहू दे, मीच सांगते. मंगळवारी जाणार आहे.

तक्ता सोबत आहे. चाळीसही घरी स्वतः गेले, आकडा मनाने एकही लिहिला नाही. तुला हलणारे आकडे हवे होते ना, घे. नवा रकाना भरायला मात्र घाम फुटला. विरजण कुठून आणलं, हे विचारलं की बायका आधी माझ्याकडे पाहायच्या, मग आत कोणी ऐकत नाही ना ते पाहायच्या.

तुझ्या आईचं विरजण एकोणीस घरी पोचलं होतं. तिघींनी माझ्यासमोर दही म्हशीपुढच्या घमेल्यात ओतलं. प्रमिलाबाई त्यातल्याच. सात जणी सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाल्या "यशोदाबाईकडून", आणि जमिनीकडे पाहत राहिल्या, मी तेवढंच लिहिलं. नऊ घरांनी तुझ्या आईचं, भागीरथाबाईंचं, नाव सांगितलं. तानाबाई तर म्हणाल्या मोठ्या अक्षरात लिही, आणि मिरचीची देठं किती टाकायची तेही विचारून ये. नऊ म्हणजे फार नाही. पण मी मोजले आहेत, आणि खरे आहेत.

काम गेल्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू, भाकरी थापताना अजून त्या भिंती डोळ्यांपुढे येतात. आर्वीला बाजार समितीत हिशेबाच्या जागेची जाहिरात आहे, अर्ज भरला आहे. अनुभवाच्या ओळीत तुझ्या प्रयोगाचं नाव टाकलं. विचारलं तर चुकलेला म्हणूनच सांगेन.

तुझ्या यादीत मोजणारीचं घर नव्हतं. मोजणारीला मोजत नाहीत असं तू फोनवर म्हणाली होतीस. तरी शेवटी पट्टीने एक ओळ आखली आहे, ती तू खोडू नकोस. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, आपल्या घरासमोर काय लिहू? त्या म्हणाल्या, "जे हाये थेच लिहिजो."

घर क्रमांक एक्केचाळीस. यशोदाबाई आणि मोहिनी. रेघा: तीन. विरजण कुठून आणलं: भागीरथाबाईंकडून, न मागता.

तुझी,
मोहिनी